गळू बसवावे की चिरावे? चिनी वैद्यांचा जुना वाद

घरात कुणाला गळू झाले की इलाज स्वयंपाकघरातच सुरू होतो. हळद, भाजलेला कांदा, अळशीचे पोटीस. "आधी पिकू दे, मग बघू," असे थोरली मंडळी म्हणतात. चिनी वैद्यांनी हाच प्रश्न शतकानुशतके विचारला आणि त्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले.

त्यांनी इलाजाचे तीन टप्पे मानले. पू धरण्याआधी गळू बसवायचे. पू धरला, पण अशक्तपणामुळे गळू फुटत नसेल तर रोग्याला बळ देऊन पू बाहेर यायला मदत करायची. फुटल्यावर जखम भरून यावी म्हणून शरीराला पोसायचे. गळवाचे प्रकारही दोन. लाल, गरम, ठणकणारे ते 'यांग'. फिकट, पसरट, थंड आणि रेंगाळणारे ते 'यिन'. क्षयामुळे होणारे थंड गळू या दुसऱ्या प्रकारात बसते.

पहिल्या टप्प्यातला एक प्रसिद्ध काढा छिएनलुंग बादशहाच्या हुकमाने तयार झालेल्या १७४२ च्या वैद्यकग्रंथात आहे. त्यात पाच वनस्पती आहेत. हनीसकलची फुले, रानशेवंती, डँडेलियन आणि रानटी व्हायोलेट या त्यांतल्या चार. हे व्हायोलेट आपल्या हकिमांच्या बनफ्शाच्याच कुळातले. चेहऱ्यावरची पुळी दाबली तर विष अंगभर पसरते, असा इशारा चिनी वैद्य देत. नाक आणि वरच्या ओठाजवळची पुळी दाबू नका, असे आजचे डॉक्टरही सांगतात, कारण तिथला संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

दुसऱ्या टप्प्यातल्या औषधात अॅस्ट्रॅगॅलसचे मूळ असे आणि खवले मांजराचे खवलेही. हे खवले आपल्या नखांसारख्याच पदार्थाचे असतात. त्यांच्यापायी हा मुका जीव नामशेष व्हायची वेळ आली. शेवटी २०२० मध्ये चीनने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले आणि अधिकृत औषधांच्या यादीतून खवले वगळले.

खरा वाद मात्र चाकूचा. छन शिकुंग यांनी १६१७ च्या ग्रंथात पोटातल्या औषधांबरोबर चाकूलाही मान दिला: पू धरला की चिरा. वांग वेइद यांनी १७४० मध्ये याला विरोध केला. त्यांच्या मते गळू बसवण्यातच वैद्याचे कसब होते.

आज या वादाचा निकाल बराचसा लागला आहे. पू एका पिशवीत कोंडलेला असतो. तिथे रक्त नीट पोचत नाही, म्हणून औषधही पुरेसे पोचत नाही. पू साचल्यावर तो काढणे हाच मुख्य इलाज. हनीसकल, डँडेलियन यांच्या अर्कांनी प्रयोगशाळेत काही जंतूंची वाढ रोखली आहे. पण काचेच्या बशीतला जंतू वेगळा आणि माणसाच्या अंगातले गळू वेगळे. शिवाय जुन्या चिनी मलमांत आणि भुकट्यांत कधी कधी पाराही असे. तेव्हा मोबाइलवर पाहून असली औषधे मागवू नयेत.

हे लिहायला कारण आमच्या नात्यातले एक मामू. मधुमेह होता, पाठीवर गळू आले. आठ दिवस पोटीस चालले. नवव्या दिवशी ताप चढला, बोलणे असंबद्ध झाले, तेव्हा दवाखाना गाठला. शस्त्रक्रिया झाली. अल्लाहच्या कृपेने वाचले, पण जखम भरायला तीन महिने गेले. आम्ही सगळे प्रेमानेच वागलो होतो. उशीरही आम्हीच केला होता.

लहान पुळीला कोमट पाण्याचा शेक पुरे. पण ताप आला, लाली पसरू लागली, गळू चेहऱ्यावर किंवा गुदद्वाराजवळ असले, रोगी मधुमेही किंवा तान्हे मूल असले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. शिफा देणारा अल्लाह आहे. वेळेवर दवाखान्यात पोचणे मात्र आपल्या हातात आहे.