पडद्याबाहेरचं गाणं

आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी ‘रामजोशी’ (१९४७), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) अशा चित्रपटांसाठी गाणी लिहिली. त्या काळी थिएटरवर चित्रपटाची पातळशी पुस्तिका मिळे. मुखपृष्ठावर नायक-नायिका, आत नामावली, अर्धवट सोडलेलं कथानक आणि गाण्यांचे शब्द.

गाणं असं कागदावर छापून मिळणं काही फक्त आपल्याकडचं नाही. व्हिक्टोरियन लंडनमध्ये आल्फ्रेड कॉन्कॅनेन हा चित्रकार शिळाछापावर गीतपत्रिकांची रंगीत मुखपृष्ठं रेखाटत असे. आत पियानोची स्वरलिपी असे. आपल्या पुस्तिकांत सहसा स्वरलिपी नसे. चाल कानानं उचलायची, शब्द कागदावरून. मला ही वाटणी फार सुंदर वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) अशा पुस्तिका जपल्या आहेत. घरच्या ट्रंकेत एखादी सापडली, तर कृपा करून रद्दीत घालू नका.