लांब उडीचा हिशेब

परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात सतत थरथरतात, हे रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ साली पाहिलं. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी त्याचं गणित मांडलं. कण किती सरकला याचा आलेख घंटेसारखा येतो, फार लांब उडी जवळजवळ नसतेच.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह ग्रॅनिक यांच्या गटाने असे कण अडचणीच्या जागेत सोडले. ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं, त्यात डोळ्यांना न दिसणारे मणी, आणि एकेका मण्याचा माग. सरासरी विसरण नियमाप्रमाणेच निघालं. आलेखाची शेपटी मात्र जाड, घातांकी होती! हा फरक किरकोळ नाही. प्रमाण विचलनाच्या चौपटीहून लांब उडी घंटेच्या आलेखात सुमारे १६,००० वेळांत एकदा येते. तितक्याच पसाऱ्याच्या घातांकी आलेखात २८६ वेळांत एकदा.

असं का? जाळं सगळीकडे सारखं नसतं आणि स्वतःही हलत असतं. कुठे मणी कोंडतो, कुठे वाट मोकळी मिळते. अरुंद आणि रुंद घंटा एकत्र मिसळल्या, की शेपटी जाड होते. नुसती सरासरी पाहणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

आपल्या पेशींच्या आतही ॲक्टिनचंच जाळं असतं.