खांद्याची दुखापत : विश्रांती कोणाला आणि किती?

खांदा दुखावला म्हणजे हात झोळीत जातो आणि मनुष्य आरामखुर्चीत. पहिली गोष्ट वैद्यकीय निर्णयाने घडते; दुसरी बहुधा कोणाच्याही निर्णयावाचून घडते. आमच्या परिचयाचे एक अध्यापक सायकलवरून पडले व त्यांचा खांदा निखळला. सांधा बसविल्यावर हात तीन आठवडे गळ्यात होता. त्या काळात घरच्या मंडळींनी त्यांना सायंकाळी फिरावयासही जाऊ दिले नाही. हात बरा झाला. पण विभागाचे दोन जिने चढताना त्यांना धाप लागू लागली, आणि ती जाण्यास बराच काळ लागला. दुखापतीनंतर विश्रांती नेमकी कोणत्या अवयवास हवी असते आणि उरलेल्या शरीराने त्या काळात काय करावे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखापुढे आहे.

खांदा हा उखळीचा सांधा खरा. परंतु त्याची उखळी फार उथळ. दंडाच्या हाडाच्या गोल टोकाचा जेमतेम चतुर्थांश ते तृतीयांश भाग एका वेळी अंसफलकाच्या वाटीस टेकलेला असतो. उरलेले स्थैर्य संधिकोश, अस्थिबंध आणि चार लहान स्नायूंच्या कंडरा यांवर अवलंबून. म्हणून हा सांधा सहज निखळतो; आणि म्हणूनच, त्यास दीर्घकाळ बांधून ठेवल्यास हा मऊ कोश आक्रसून हालचाल अडते. एकाच रचनेतून उद्भवणारी ही दोन परस्परविरुद्ध भये आहेत, आणि उपचाराची सारी कुशलता त्यांच्यामधून वाट काढण्यात आहे.

कोणते भय मोठे, हे पुष्कळ अंशी वयावर ठरते. विशीच्या आतबाहेरील तरुणाचा खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याचा संभव मोठा असतो. त्याने हात वर करून मागे नेण्याची, म्हणजे चेंडू फेकतानाची, स्थिती कटाक्षाने टाळावयास हवी. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास पुन्हा निखळण्यापेक्षा सांधा आखडण्याचे व कंडरा फाटलेली राहून जाण्याचे भय अधिक. मधुमेही व्यक्तींत खांदा आखडण्याचे प्रमाण विशेष आढळते. एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याने उचलू नये तो यासाठी.

विश्रांती की हालचाल हा वाद शल्यशास्त्रात जुना आहे. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस हे अखंड व दीर्घ विश्रांतीचे कट्टर पुरस्कर्ते होते, तर पॅरिसचे ल्यूका-शाँपियोन्येर हे अस्थिभंगातही मर्दन व लवकर हालचाल यांचा आग्रह धरीत. बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावरील आपल्या ग्रंथात आखडलेल्या खांद्यास ‘गोठलेला खांदा’ हे आज रूढ असलेले नाव दिले. लोलकाचा म्हणून प्रसिद्ध असलेला व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. निरोगी हात टेबलावर टेकून कमरेत वाकावयाचे, दुखरा हात सैल लोंबू द्यावयाचा आणि धड हलवून त्यास हलके झोके द्यावयाचे. यात हाताने स्वतः काही करावयाचे नाही. गुरुत्वाकर्षण सांधा किंचित मोकळा करते. पुष्कळ जण उत्साहाने मोठाली वर्तुळे काढतात. तसे केल्यास खांद्याचे स्नायू कामास लागतात, आणि शिवलेल्या कंडरेला तेच नको असते. कंडरा शिवल्यावर हात सामान्यतः चार ते सहा आठवडे झोळीत राहतो. लोलकाची परवानगी त्यात केव्हा मिळावी हे शल्यविशारदानेच सांगावयाचे. बोटे, मनगट व कोपर यांची हालचाल मात्र सहसा पहिल्या दिवसांपासून चालते. तिने हाताची सूज उतरते.

आता उरलेल्या शरीराविषयी. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटली. त्याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वार्धक्याने जेवढी हानी केली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांनी केली होती. हात झोळीत असलेला मनुष्य काही अंथरुणाला खिळलेला नसतो. म्हणून हा आकडा त्याला जसाच्या तसा लागू करणे अशास्त्रीय होईल. पण दिशा तीच आहे.

आपल्याकडील तालमीने व्यायामाची जी जोडी रूढ केली, जोर आणि बैठका, ती येथे आयतीच उपयोगी पडते. जोरात सारा भार खांद्यावर; बैठकांत तो मांड्यांवर. खांदा दुखावलेल्याने जोर आणि सूर्यनमस्कार बंद ठेवावेत, बैठका चालू ठेवाव्यात; मल्लखांब तर सर्वांत शेवटी. सपाट वाटेवर चालणे उत्तम, स्थिर सायकलही चालते, मात्र तिच्या मुठीवर दुखऱ्या हाताचा भार नको. धावण्याने हिसके बसतात आणि पडण्याचे भय असते. हात बांधलेला असताना तोल सावरणे अवघड जाते, हे वृद्धांनी विशेष ध्यानात ठेवावे.

सर्वांत कुतूहलाची गोष्ट निरोगी हाताची. येल विद्यापीठात स्क्रिप्चर यांनी १८९४ साली दाखविले की एका हातास सराव दिला असता दुसऱ्या, सराव न केलेल्या हाताचेही बळ वाढते. हा परिणाम स्नायूंपेक्षा मज्जासंस्थेतून घडतो असे मानले जाते. कॅनडात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींचा डावा हात चार आठवडे झोळीत बांधला. ज्यांनी उजव्या हाताचा व्यायाम केला त्यांच्या डाव्या हाताच्या स्नायूंची जाडी टिकून राहिली. परंतु ते हात दुखावलेले नव्हते, आणि तपासलेले स्नायू कोपराचे होते, खांद्याचे नव्हे. मनगट मोडलेल्या, पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांवरील २०१३ च्या अभ्यासात निरोगी हाताच्या व्यायामाचा लाभ बाराव्या आठवड्यास दिसला. सव्विसाव्या आठवड्यास तो फरक उरला नव्हता. म्हणजे लाभ आहे, पण तो काळ थोडा आखूड करण्यापुरता. आमच्या मते तेवढ्यासाठीही, चिकित्सकाची हरकत नसल्यास, निरोगी हाताने रोज थोडे वजन उचलणे योग्य ठरेल.

हे सारे करताना वेदना हेच मोजमाप. व्यायामानंतरचा ठणका थोड्या वेळात शमत असेल तर चिंतेचे कारण नाही. त्याने रात्रीची झोप मोडत असेल तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे. हातास बधिरता आली, बोटे थंड वा निळसर पडली, अथवा ताप येऊन सांधा लाल व गरम झाला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी चिकित्सकाकडे जावे.