बाहुल्याच्या तोंडून

अर्धवटराव बोलू लागला की आपण हसतो. जेम्स क्रूझचा ‘द ग्रेट गॅबो’ मात्र हसू देत नाही. १९२९चा हा संगीतपट बड्या स्टुडिओंच्या छत्राबाहेर निघालेला. एरिक फॉन स्ट्रोहाइमचा गॅबो शब्दभ्रमकार. मेरीला उठताबसता घालूनपाडून बोलणार; मनातला ओलावा बाहेर येणार तो ऑटो या बाहुल्याच्या तोंडून! मेरी निघून जाते. पुढे गॅबोला कीर्ती मिळते, पण मेरी दुसऱ्याची झालेली असते. तो ऑटोलाच ठोसा मारतो आणि लगेच कवटाळतो.

नाचगाणी ठिगळासारखी जोडलेली. त्यांतले रंग तर काळाने पुसले. तरी गॅबो मनातून जात नाही. मुलाचे कौतुक शेजाऱ्यांपाशी करणारे, मुलापाशी मात्र गप्प राहणारे आपण बाप दुसरे कोण असतो?