विनोदकुमार शुक्ल : भिलाईच्या शेजारचे नवल

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर सोडले की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई आणि रायपूर अशी स्थानके लागतात. यातले भिलाई साऱ्या देशाला ठाऊक आहे. १९५५ साली तिथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. राजहऱ्याचे लोहखनिज जवळच होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले आणि देशाच्या रेल्वेला रूळ पुरवणारे गाव म्हणून भिलाईचे नाव झाले. याच पट्ट्यात, भिलाईच्या पश्चिमेला राजनांदगावात जन्मलेल्या आणि पूर्वेला रायपुरात हयात घालवलेल्या एका माणसाने हिंदी कविता आणि कादंबरी दोन्ही बदलून टाकल्या. त्याचे नाव विनोदकुमार शुक्ल.

शुक्ल यांचा जन्म १ जानेवारी १९३७ चा. राजनांदगाव तेव्हा संस्थान होते. पुढे १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, म्हणजे विदर्भ आणि छत्तीसगड तेव्हा एकाच राज्यात नांदत होते. शुक्ल यांनी जबलपूरला कृषीचे शिक्षण घेतले आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात अध्यापन करून ते निवृत्त झाले. शेतीचा प्राध्यापक कवी कसा झाला, याच्या उत्तरात एक मराठी घर येते.

गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. संस्थानिकांच्या जुन्या वाड्यात, तलावाकाठी हे महाविद्यालय भरत असे. आधुनिक हिंदी कवितेतल्या या थोर कवीची मातृभाषा मराठी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. एकाच घरातला एक भाऊ हिंदीचा आणि दुसरा मराठीचा झाला, असे उदाहरण आपल्याकडे विरळाच. तरुण विनोदकुमारांच्या कविता गजानन मुक्तिबोधांनी वाचल्या आणि दिल्लीला कवी श्रीकांत वर्मा यांच्याकडे पाठवल्या. त्या ‘कृति’ या नियतकालिकात छापून आल्या. मुक्तिबोध १९६४ साली गेले. पुढे त्यांच्याच नावाची मध्य प्रदेश शासनाची अभ्यासवृत्ती शुक्ल यांना मिळाली.

‘लगभग जयहिंद’ ही त्यांची पहिली काव्यपुस्तिका १९७१ मध्ये अशोक वाजपेयी यांच्या ‘पहचान’ मालिकेत निघाली. त्यानंतर १९८१ साली ‘वह आदमी नया गरम कोट पहिनकर चला गया विचार की तरह’ हा लांबलचक नावाचा संग्रह आला, आणि १९९२ साली ‘सब कुछ होना बचा रहेगा’. या कवितांत अवघड शब्द सापडत नाही. वाक्य साध्या माहितीने सुरू होते, मग तीच माहिती उलटी धरून पाहते, आणि दोन ओळींत वाचकाच्या पायाखालची जमीन थोडी सरकते. त्यांची ‘रायपुर बिलासपुर संभाग’ ही दीर्घ कविता पोटासाठी गाव सोडून आगगाडीत बसणाऱ्या छत्तीसगडी मजुरांची आहे. पोलादाचे शहर उभे राहिले तरी त्या परिसरातल्या गरिबाची गाडी परराज्यातच जात राहिली, हे दुःख तिथे आवाज न चढवता येते.

कादंबऱ्यांत हीच दृष्टी घर करून राहते. ‘नौकर की कमीज’ (१९७९) मधला संतूबाबू सरकारी कचेरीत कारकून आहे. साहेबाने आदर्श नोकरासाठी एक सदरा शिवून ठेवला आहे. तो ज्याला बसेल तो नोकर. सदरा नेमका संतूबाबूला बसतो. इकडे त्याच्या भाड्याच्या घराचे छप्पर गळते आणि घरमालक डॉक्टरच्या घरची कामे हळूहळू त्याच्या बायकोच्या गळ्यात पडतात. कोणी मारत नाही, कोणी ओरडत नाही. गुलामी मापाने शिवून मिळते. मुक्तिबोधांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ (१९८०) करणाऱ्या मणी कौल यांनीच १९९९ मध्ये या कादंबरीवरही चित्रपट केला.

‘खिलेगा तो देखेंगे’ मधले गुरुजी बायको-मुलांसह एका ओस पडलेल्या पोलीस ठाण्यात संसार थाटतात. पण खरे नवल ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ (१९९७) हे. गणिताचे तरुण प्राध्यापक रघुवर प्रसाद आणि त्यांची पत्नी सोनसी एका खोलीत राहतात. महाविद्यालयात जायला टेम्पोत जागा मिळत नाही, तेव्हा एक साधू त्यांना हत्तीवर बसवून नेऊ लागतो. खोलीला एक खिडकी आहे. ती ओलांडली की पलीकडे तळे, झाडे, सारवलेल्या पायवाटा आणि चहा करून देणारी एक म्हातारी. याला समीक्षक जादुई वास्तववाद म्हणतात, पण ते नाव अपुरे पडते. इथे चमत्काराने कोणी दचकत नाही आणि दारिद्र्यही संपत नाही. दोघे पलीकडून परत येतात, स्वयंपाक करतात, पगाराचा हिशेब मांडतात. ज्यांच्या वाट्याला एकच खोली आली त्यांच्या प्रेमाला मात्र लेखकाने मोजमाप लावलेले नाही.

या कादंबरीला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२३ साली अमेरिकेतल्या ‘पेन’ संस्थेचा नाबोकोव्ह पुरस्कार शुक्ल यांना जाहीर झाला. सत्ती खन्ना, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि सारा राय यांच्या इंग्रजी अनुवादांनी ही वाट तयार केली होती. पाठोपाठ २०२४ चे ज्ञानपीठ आले आणि छत्तीसगडला हा मान प्रथमच मिळाला. २०२५ च्या सप्टेंबरात ‘हिंद युग्म’ या प्रकाशनाने ‘दीवार’च्या मानधनापोटी त्यांना ३० लाख रुपयांचा धनादेश दिला. मारामारी, रहस्य, राजकारण यातले काहीही नसलेली कादंबरी अठ्ठावीस वर्षांनी तरुणांनी उचलून धरली, ही हिंदी प्रकाशनव्यवसायातली विलक्षण घटना. २३ डिसेंबर २०२५ रोजी रायपुरात शुक्ल यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला त्यांची हिंदी जड जात नाही. सुरुवात ‘दीवार’पासून करावी आणि मग मागे जाऊन ‘नौकर की कमीज’ वाचावी. अशा उलट्या क्रमाने वाचल्यावर कळते की संतूबाबूच्या सदऱ्याचे माप ज्याने इतके नेमके टिपले, त्यालाच रघुवर प्रसादांच्या भिंतीत खिडकी ठेवण्याचा अधिकार होता.