चाळीसगावचा टांगा, १९२९

तेव्हा पूर्व खानदेशातले चाळीसगाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीचे सदस्य म्हणून धुळे मार्गावरच्या एका गावातील बहिष्काराची चौकशी करून तिथे उतरले. कोलंबियाची पीएच.डी., लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी गाठीशी होती. तरी महाराला टांग्यात बसवून नेणे स्थानिक टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा नाही. शेवटी त्यांच्या यजमान महारवस्तीतल्याच एकाने लगाम हाती धरला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, घोड्यासह टांगा नदीत गेला आणि दगडी फरशीवर आपटून बाबासाहेबांचा पाय मोडला. यजमानांनी पाहुण्याला पायी नेण्यापेक्षा हा धोका पत्करला, हे त्यांना मागाहून कळले.

लहानपणी साताऱ्याच्या शाळेत याच बाबासाहेबांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नसला की पाणी मिळत नसे. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा आणि पाण्याचे वेगळे नळ होते. आपल्याकडे एकाच शाळेत तहान वेगळी ठेवली होती. तिथला भेदभाव कायद्यात लिहिलेला होता, इथल्याला धर्माचा आधार दिला जाई. म्हणूनच १९३५ साली शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे त्यांनी जाहीर केले.

१९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहिले. डू बॉईस यांनी उत्तरात सहानुभूती कळवली. येवल्याच्या घोषणेनंतरचे बाबासाहेबांचे धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात झाले.