कादंबरी असो की प्रबंध, सॉफ्टवेअर निवडायचं कसं?

समजा, तुम्हाला १६ ऑगस्ट १९४२ च्या आष्टीवर कादंबरी लिहायची आहे. मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला, गोळीबार झाला, माणसं गेली, पुढे खटला चालला. सुरुवात मोर्च्यापासून करायची की खटल्यापासून? हा क्रम मसुदा लिहिताना चार-पाच वेळा तरी बदलतो. प्रबंधातल्या प्रकरणांचंही तसंच होतं.

म्हणून सॉफ्टवेअर तीन गोष्टींवर तपासा.

एक, तुकडे हलवता येतात का? स्क्रिव्हनरमध्ये किंवा सायमन हेन्स या कादंबरीकारानेच बनवलेल्या वायरायटरमध्ये प्रत्येक प्रसंग वेगळा ठेवून वर-खाली करता येतो. मोफत लिब्रे ऑफिसमध्येही मथळ्यांना 'हेडिंग' स्टाइल दिली, की नॅव्हिगेटरमधून अख्खं प्रकरण हलतं.

दोन, संदर्भ सोबत जातो का? कागदपत्रातलं कोणतं आणि कल्पनेतलं कोणतं, ही नोंद वेगळ्या वहीत ठेवली तर क्रम बदलताच गोंधळ होतो. तळटीप मात्र मजकुराबरोबर सरकते.

तीन, मजकूर युनिकोडमध्ये आहे का? कृतिदेवमधलं 'आष्टी' डोळ्यांना मराठी दिसतं, पण फाइलमध्ये असतात रोमन अक्षरं नि चिन्हं. शोध घेतला तर सापडणारच नाही. म्हणजे नोंद असून नसल्यासारखी.

जाहिराती वाचत बसू नका. स्वतःचं एक प्रकरण टाका, हलवा, एक शब्द शोधा, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर काढून बघा. हे जमलं, की लिहायला बसा.